चौथ्या डिव्हिजनसाठी देव पाण्यात

इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या मोठ्या लीगला चार डिव्हिजन आहेत. आमचा क्लब चौथ्या डिव्हिजनमध्ये, आणि तिथेही शेवटून तिसरा. शेवटचे दोन बाहेर पडतात. सीझनची एकच मॅच उरली होती आणि निदान बरोबरी तरी हवी होती.

लेक म्हणतो, आई, एखादी जिंकणारी टीम धर ना. जशी काही मी मंडईत वांगी निवडतेय.

पण त्याला तरी काय बोलू? लग्नानंतर उत्तर इंग्लंडमध्ये या क्लबच्या गावात गेले तेव्हा मीही हेच म्हटलं होतं. तेव्हा मला सगळंच कळत असे. पहिल्याच शनिवारी यांनी मला मॅचला नेलं. बाईसाहेब नारायणपेठ नेसून, हातभर बांगड्या घालून, पावसात उभ्या. गोल झाला तशा मी बांगड्या खळखळवत टाळ्या वाजवल्या. आजूबाजूला एकदम शांतता. गोल समोरच्यांचा होता. हे माझ्याकडे न बघता म्हणाले, आता वाजवल्यास तर पूर्ण वाजव.

घरी येताना मी यांना ऐकवलं, की बसने तासाभरावर एवढा नावाजलेला क्लब आहे, कप जिंकतो, तिकडे का नाही जायचं आपण? हे म्हणाले, "तिकडे मला कोण ओळखतं?"

इथे मैदानाच्या फाटकावरचा म्हातारा यांच्या खोकल्याची चौकशी करायचा. अख्ख्या गावात तेवढा एकच. मला ते उमगायला तीन हिवाळे लागले. मी हुशार होते ना.

हुशारी किती, तर त्याआधी माझं सासूबाईंनाही शिकवून झालं होतं. आमचं लग्न झालं तेव्हा यांच्या शेवटच्या परीक्षेचा निकाल लागायचा होता. सासूबाईंनी देव्हाऱ्यातला गणपती, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा पितळेच्या घंगाळात बुडवून ठेवले. निकाल मनासारखा लागेपर्यंत देवांनी पाण्यातच बसायचं. मी नवी नवरी, पण बीएस्सी. मी म्हटलं, पेपर तपासून झालेत, मार्क लिहून झालेत, आता देव भिजवून काय बदलणार? त्या शांतपणे म्हणाल्या, "मला अजून कुठे कळलंय?" हे मी मैत्रिणींना नकला करून सांगत असे.

आता हे नाहीत. मी लेकाकडे न्यूझीलंडमध्ये, अप्पर हटला असते. ते तीन देव माझ्याकडे आले आहेत, आणि क्लबही. मे महिन्यात इंग्लंड आमच्या अकरा तास मागे असतं. त्यांची शनिवार दुपारची मॅच संपते तेव्हा आम्ही अंथरुणात असतो. मी ती रविवारी सकाळी, नाश्ता झाला की, टीव्हीवर लावून बघते. तोपर्यंत घरात कोणी स्कोअर काढायचा नाही, असा माझा नियम आहे.

त्या रविवारी आंघोळ केली, स्टीलच्या पातेल्यात पाणी घेतलं आणि देव्हाऱ्यातले तिघे त्यात ठेवले. बारा वर्षांची नात टोस्ट खात बघत होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तरं इंग्रजीत येतात.

"आजी, इट्स ऑलरेडी ओव्हर. लाइक, फाइव्ह अवर्स अगो."

बीएस्सीच बोलली म्हणायची.

"मला अजून कुठे कळलंय?" मी म्हटलं. म्हटल्यावर माझं मलाच ऐकू आलं, आणि मी पातेलं जरा जास्तच जोरात ओट्यावर सरकवलं.

मग लेकाने न सांगता चहा करून आणला, आलं घालून. तिथेच मी ओळखायला हवं होतं. त्याला निकाल माहीत होता. पण मी टीव्हीसमोर बसले. आधी आमच्यावर एक गोल झाला. सत्तराव्या मिनिटाला आमच्या पोरांनी फेडला. बरोबरी. तेवढीच पुरे होती. मी अजून चहाला हात लावला नव्हता. शेवटच्या मिनिटाला बॉल आमच्याच एकाच्या गुडघ्याला लागून आत गेला.

आमचा क्लब पाचव्या डिव्हिजनमध्ये गेला. कॅमेऱ्याने रडणारी माणसं दाखवली. फाटकाकडे कॅमेरा गेला नाही.

लेक म्हणाला, सॉरी आई. नातीने पातेल्याकडे बोट दाखवून विचारलं, "सो, डू दे कम आउट नाऊ?"

"क्लब वर आल्याशिवाय नाही."

लेकाने समजावलं, की तिथून दरवर्षी दोघंच वर येतात. काही क्लबांना दहा वर्षं लागतात, काही येतच नाहीत.

"मग मी दहा वर्षं आहे," मी म्हटलं. "चहा गार झालाय, दुसरा कर."

तेव्हापासून रोज सकाळी मी देवांना बाहेर काढते, पुसते, हळदकुंकू वाहते आणि ताज्या पाण्यात परत बसवते. सूनबाईने पातेलं मागितलं, तिला नवं आणायला सांगितलं. देव कुरकुरत नाहीत. चौथ्या डिव्हिजनमध्येही ते काही फार सुखात नव्हते.

ऑगस्टमध्ये नवा सीझन सुरू झाला. पहिल्या रविवारी लेक फोन बघत हॉलमध्ये आला आणि तोंड उघडणार, तेवढ्यात नातीने त्याच्यावर उशी फेकली.

"डॅड, डोन्ट. आम्ही अजून बघितली नाही."

'आम्ही' म्हणाली. तेही मराठीत. मी तिला सोफ्यावर जागा केली आणि मॅच लावली.