जाळ्याचे दोन छाप

मी भद्रावतीच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. दोन वर्षांपूर्वी श्रावणात भामरागडकडच्या एका वसतिगृहात मुलींना ठसेचित्रं शिकवायला गेलो. तीन दिवसांचं काम होतं. दुसऱ्याच दिवशी पुलावरून पाणी गेलं, रस्ता बंद झाला आणि मी आठ दिवस तिथेच राहिलो.

मुली चटकन शिकल्या. लाकडावर चित्र काढायचं, कोरायचं, वर शाईचा रूळ फिरवायचा, कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचं. उंच राहिलेला भाग छापतो, कोरलेला कोरा राहतो. स्वयंपाक करणाऱ्या बाई दारात उभ्या राहून बघायच्या. पन्नाशीच्या, जवळच्याच गावच्या गोंड बाई. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच सागवानाची एक फळी आणली. त्यावर मोठ्या माशाची कड कोरली आणि त्याच्याभोवती जाळं.

छाप उचलला तेव्हा मासा काळाभोर आला. बाईंचा चेहरा मात्र उतरला.

"सर, जाळं तं पांढरं आलं. काऊन?"

"कोरलं तिथे शाई लागत नाही, बाई. जाळं काळं हवं असेल तर धागे ठेवून मधली सगळी जागा कोरावी लागेल."

त्यांनी दुसरी फळी घेतली. भात चुलीवर चढवून यायच्या, कोरायच्या, पुन्हा जायच्या. पण केसाएवढे धागे सागवानात टिकेनात. संध्याकाळपर्यंत निम्मं जाळं तुटलं होतं.

"सारे मासे पयाले," म्हणत त्या हसल्या, पण फळी त्यांनी उलटी करून ठेवली.

मला राहवेना. माझ्या फायलीचं जाड प्लास्टिकचं कव्हर कापून त्यांना दिलं, सोबत एक दाभण. "यावर जाळं ओरखडा," म्हटलं. त्यांनी बारीक बारीक रेघा ओढल्या. मग मी सगळीकडे शाई फासली आणि लगेच फडक्याने पुसायला लागलो. मुली ओरडल्या, "सर, लावलेली शाई पुसून काऊन राह्यले?"

मी समजावायला तोंड उघडलं, तोवर बाईंनी पदर सारून हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण होतं.

"हे कसं केलं? सुई टोचली, काजळी चोळली, वरचं पुसून टाकलं. आतलं राह्यलं का नाई?"

इतकी वर्षं फळ्यावर आकृत्या काढून मी हे सांगत आलो होतो. मी कागद ओला केला. ओला कागद खाचेत शिरतो आणि शाई उचलतो. पण त्यासाठी दाब फार लागतो, चमच्याने जेमतेम फिकट जाळं उमटलं. तरी ते काळं होतं, आणि एकही धागा तुटला नव्हता. बाईंनी तो छाप वाळवून गव्हाच्या डब्यावर ठेवला.

रस्ता सुरू झाल्यावर मी ते प्लास्टिक घरी आणलं. आमचे शेजारी कारखान्यातून निवृत्त झालेले टर्नर. त्यांनी मला दोन लोखंडी रुळांमधून कागद दाबून काढायचं यंत्र बनवून दिलं आहे. त्यातून छाप काढला, तर काठावर मखमलीसारखी सावली धरलेल्या काळ्या रेघा.

थंडीत तो छाप आणि प्लास्टिक घेऊन परत गेलो. बाई बराच वेळ बोट फिरवत पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "इथी एक गाठ राह्यली."

"घाला की. लाकडात कापलेलं परत येत नाही, यात नवी रेघ कधीही ओढता येते."

"मंग दाभण द्या."

त्या तिथेच चुलीपाशी फतकल मारून बसल्या. एका मुलीने डाळ ढवळायला घेतली. मी चहा घेत बसलो. बाईंनी गाठ घातली, आणि जागा उरली होती म्हणून कोपऱ्यात एक खेकडाही काढला.