अडुळशाच्या बुडाशी ढेप

माझ्या थोरल्या बहिणीला खोकला लागला तेव्हा सासरच्यांनी तिला अमरावतीहून अकोल्याला, आमच्याकडे आणून सोडलं. ‘बरी झाली की कळवा, घेऊन जाऊ,’ म्हणाले. त्या एका वाक्यावर ती जगत होती. आल्या आल्या तिनं परसात पुदिना आणि ओव्याच्या शेजारी अडुळशाची फांदी लावली. ती वाढली तशी आई रोज तिला त्या पानांचा काढा करून देऊ लागली.

पुढे तिला उठवेना. मग मागच्या दारात खाट टाकून तिथून हुकूम सोडायची. ‘तांदळाचं धुवण पुदिन्याले दे. ओव्याच्या पानावर राख भुरभुर, किडी लागून राहिल्या. अन् शेन चांगलं मुरल्याबिगर घालू नोको वं पोट्टे, झाड जळते.’

मला कसला धीर! रोज तोडून तोडून अडुळसा बोडका व्हायला आला होता. पानं नाहीत तर काढा नाही, काढा नाही तर ही सासरी जाणार कशी? मग मला अक्कल सुचली. सरकीचं तेल काढल्यावर उरते ती ढेप आम्ही म्हशीला घालायचो, आणि म्हैस दूध काय दाट द्यायची! झाडाला का नाही मानवणार? दुपारी आई लवंडली आणि खाटेवर बहिणीचाही डोळा लागला, तशी मी टोपलीभर ढेप अडुळशाच्या बुडाशी पुरली, वर दोन बादल्या पाणी ओतलं आणि स्वतःवरच खूश झाले. मूर्ख कुठली!

चार दिवसांत घाण वास सुटला. आळ्यात हात घातला तर माती गरम. ढेप आत कुजून तापली होती. मी वेड्यासारखी उकरत बसले, पण मुळं गेली होती. त्यात वैशाखाचं ऊन. आठवड्यात झाडाची काटकी झाली.

आईनं ती ढेप पाहिली आणि कडाडली, ‘हे कोनं केलं?’

खाटेवरून बहीण म्हणाली, ‘म्याच सांगितलं तिले घालाले.’

आई तिच्यावर अशी तुटून पडली, बाप्पा! ‘तुले बरं व्हाचंच नाई काय? मी इथं जीव जाळून राहिली, अन् तू आपलंच औषध मारलं?’ बहीण भिंतीकडे तोंड करून खोकत राहिली. मी दारातच उभी. एक शब्द बोलायचा होता. नाही बोलले.

आई आत गेल्यावर मी बहिणीला विचारलं, ‘काहून खोटं बोलली?’

‘तुले मारलं असतं वं. मले आता कोन मारते?’

पोळ्याच्या आधीच ती गेली. सासरची माणसं आली, ती मातीला. अडुळशानं ती वाचली नसती, हे आता मला कळतं. कळून काय करू?

आई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. लेकीची आठवण निघाली की येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, ‘तिनंच आपलं झाड मारलं. तिलेच जगाचं नव्हतं.’ मी शेजारी बसून ऐकत असे. शेवटच्या दुखण्यातही ती हेच पुटपुटली. मी तिला चमच्यानं पाणी पाजलं आणि तोंड पुसून दिलं.