गावच्या मुलाचा आवाज

नव्वदच्या दशकात, बारा वर्षांचा असताना, एका मालिकेतल्या खेड्यातल्या मुलाला आवाज द्यायला मला मुंबईत बोलावलं. ठाणे जिल्ह्यातल्या आमच्या किन्हवली गावाहून आई सोबत आली होती. माइकसमोर मी म्हटलं, "आमी नाय येणार."

"गावचं वाटत नाही," दिग्दर्शक म्हणाले. "'न्हाई येनार जी' म्हण. आणि पाय हलवू नकोस."

"आमी गावचीच हाय ना," आई म्हणाली.

"काकू, प्रेक्षकांना पटायला हवं."

काचेपलीकडे दादरचा एक मुलगा त्याच कामासाठी थांबला होता आणि येरझाऱ्या घालत होता. मी 'जी' लावला. काम मला मिळालं.

मालिका लागली तेव्हा टीव्हीवरचा तो आवाज ऐकून शेजारणीने आईला विचारलं, "हा कुठला गो पोरगा?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "घाटावरचा असंल," ती म्हणाली.