धन्यकुमारांचा मुलूख

त्रिशलाबाई दूध गॅसवर ठेवून बाहेर आल्या तेव्हा धन्यकुमार कालच्यासारखेच बसले होते. मांडीवर व्हिडिओ गेमचा रिमोट, नजर टीव्हीवर आणि टीव्हीवर तीच गुहा. ओल्या भिंती, मागे पडलेली दगडी शिळा, समोर ते जनावर. खेळ थांबवलेला असल्यामुळे जनावराचं उचललेलं पाऊल तसंच अधांतरी होतं.

"आवं, दूध घेतासा न्हवं?"

उत्तर नाही. दोन वर्षांपूर्वी ते असेच गप्प झाले होते आणि त्या गप्प होण्यातून त्यांना बाहेर काढणं या खेळाशिवाय कोणालाही जमलं नव्हतं.

धन्यकुमार शेटे हे सांगलीच्या हळद बाजारातले जुने अडते. सौद्याला उभे राहिले की त्यांचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जायचा. त्या आवाजावर त्यांनी संसार केला, मुलगा शिकवला, विश्रामबागेत घर बांधलं. मग एका सकाळी दाढी करता करता हातातला वस्तरा गळून पडला. उजवं अंग गेलं आणि वाचा अर्धी राहिली. दुकान पुतण्याकडे गेलं. हॉलमध्ये कॉट टाकली, तिच्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. व्यायाम शिकवायला येणारी रूपाली मुठीतली बोटं उघडायला गेली की हात ओढून घेत. त्रिशलाबाई बोलत राहायच्या, भाजीवाल्याचं, देवळातलं, पुतण्याच्या दुकानातलं, आणि भिंत ऐकत राहायची.

मागच्या दिवाळीला पुण्याहून आलेला मुलगा भरतेश आपलं जुनं प्लेस्टेशन इथेच ठेवून गेला. "आण्णांच्या बोटांना तेवढाच चाळा," म्हणाला. खेळ एका जादूच्या मुलखाचा होता. त्यातल्या एका माणसाला आपण चालवायचं. एका अंगठ्यानं पाय, दुसऱ्यानं नजर. धन्यकुमारांचा उजवा अंगठा हलेना, म्हणून त्यांचा माणूस कितीतरी दिवस खाली बघतच चालला. भिंतीला धडकला, ओढ्यात पडला. मग एका दुपारी त्यानं मान थोडी वर केली आणि डोंगर दिसला. त्या दिवसापासून धन्यकुमार कॉटवरून खुर्चीत आले.

त्रिशलाबाईंना आधी तो खेळ पोरकट वाटला. पण येता-जाता बघून त्यांना त्यातली गंमत कळत गेली. दिसणारा डोंगर नुसतं चित्र नव्हता, त्यावर चढून जाता यायचं. तिथला लोहार तिन्हीसांजेला भाता बंद करून घरी जायचा. पाऊस आला की बायका वाळवण गोळा करायच्या. कुठं जायचं, कधी जायचं, हे सांगणारं कोणी नव्हतं. ज्या माणसाला न्हाणीपर्यंत जायला दोघांचे खांदे लागत, तो तिथं दिवसभर मोकळा भटकत होता. वाईट गोष्टीही होत्या. अक्षरं मुंगीएवढी. घोडा एखाद्या कातळात अडकला की जागच्या जागी पाय मारत राहायचा. गावच्या माणसांना दोन-दोनच वाक्यं दिलेली, कितीदाही भेटा. आणि बाजारात भाव ठरलेला, घासाघीस नाही. धन्यकुमारांना राग यायचा तो याचाच. "क... कसला बाजार!" हे आजारानंतरचं त्यांचं पहिलं धड वाक्य.

मात्र त्या मुलखातही ते जैन घरातले शेटेच राहिले. कमरेला तलवार होती, पण ती कधी उपसली नाही. श्वापद आलं की पळायचं, नाहीतर लांबून वळसा घालायचा. औषधाचा पाला खुडायचा, कंद उपटायचा नाही. सूर्य मावळला की त्यांचा माणूस जखमी असला तरी काही खायचा नाही, शेकोटीजवळ तसाच बसून राहायचा.

शेजारचे हंबीरराव हे बघून लोळून हसायचे. ते उंब्रजचे, पलटणीतून सुभेदार होऊन आलेले. "वैनी, ह्यो गडी आमच्या कंपनीत असता तर पाठीवर वजन देऊन रोज पिट्टू परेड करवली असती. कमरंला तलवार आन् पळतोय सशागत!"

अशा माणसाला खेळानं गुहेत कोंडलं होतं.

झालं ते साधंच. एका गावातल्या म्हातारीचा लेक तापानं फणफणला होता. गुहेतल्या शेवाळाचं औषध हवं होतं. शेवाळ आणायचं, मारायचं कोणालाच नाही, म्हणून धन्यकुमार आत गेले. मागे शिळा कोसळली, अंधारातून जनावर उठलं आणि नेमक्या त्याच क्षणी खेळानं आपली नोंद करून टाकली. आता बंद करून चालू केलं तरी तीच गुहा.

त्रिशलाबाईंनी भरतेशला फोन लावला.

"दुसरीकडनं वाट असंल की रे. एवढा मोठा मुलूख."

"नाही गं आई. मी शोधलं. हाच तर या गेमचा सगळ्यात मोठा दोष आहे. बाहेर पाहिजे ते करा म्हणतात आणि मधेच एका खोलीत कोंडून मारामारीच करायला लावतात. लोक शिव्या घालतात त्यावरून. नोंदही एकच ठेवतात, मागं जाता येत नाही."

"मग?"

"मग काय, मारायचं. आण्णांना सांग ना, ते काय खरं जनावर आहे का?"

त्रिशलाबाईंनी फोन ठेवला. या घरात जत्रेतले साखरेचे हत्ती-घोडे कधी आणले नव्हते. भरतेश लहानपणी त्यासाठी रडला होता, तेव्हा धन्यकुमारांनीच त्याला मांडीवर घेऊन सांगितलं होतं, की साखर खाल्ली तरी मन म्हणतं, घोड्याचं मुंडकं मोडलं. मोडतं ते मनात. पोरगं विसरलं होतं. बाप विसरला नव्हता.

संध्याकाळी हंबीरराव आले, त्यांनी एका नजरेत प्रकार ओळखला आणि रिमोटला हात घातला.

"आन इकडं गड्या. तू डोळं मीट. मी मारतो, पाप माझ्या डोक्यावर. आधीच लय हाय, त्यात आनखी एक."

धन्यकुमारांनी डाव्या हातानं रिमोट छातीशी ओढला.

"तसं चालत न्हाई भाऊजी," त्रिशलाबाई म्हणाल्या. "आपुन करणं, दुसऱ्याकडनं करवणं, आन् कुणी केलं तर आपल्याला बरं वाटणं, तिन्ही सारखंच."

"बरं वाटणंसुदीक? मग तुमच्यात जगायचं कसं वो?"

"जपून."

हंबीरराव हसले, पण मित्राकडे बघून त्यांचं हसू अर्ध्यात थांबलं. धन्यकुमारांनी टीव्ही बंद केला होता. हातानंच खूण करून त्यांनी कॉटवर निजवायला सांगितलं. आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी ते उठले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. रूपाली आली, हात हातात घेऊन बराच वेळ बसली आणि स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "काकू, बोटं परत मिटायला लागलीत. यावेळी मिटली तर उघडणं अवघड आहे. काका खेळत का नाहीत?"

काय सांगणार? त्रिशलाबाईंनी पाण्याच्या कळशीवरचं गाळणं घट्ट केलं. त्यांचं माहेर जतकडचं. टँकरचं पाणीसुद्धा तिथं दुहेरी फडक्यातून गाळून, फडक्यातला जीव परत पाण्यात सोडायची त्यांच्या आईची रीत. लग्नानंतर बाजारातल्या माणसाचं घर म्हणून कितीतरी गोष्टी सैल झाल्या, पण त्रिशलाबाईंनी आपल्यापुरतं काही सैल होऊ दिलं नाही. खरं तर या घरात नेमाला पक्क्या त्याच होत्या.

तरीही त्या दुपारी त्यांनी ठरवलं, जनावर आपणच मारायचं. यांना सांगितलं तर करवल्यासारखं होईल. सांगितलंच नाही, तर दोष एकटीचा. दार उघडं दिसल्यावर यांना वाटेल, जनावर आपणहून निघून गेलं. वाटेल का? पुढचं पुढं.

धन्यकुमारांचा श्वास संथ लागला तशा त्या खुर्चीत बसल्या. टीव्हीचा आवाज अगदी बारीक केला. वर्षभर बघून बटणं पाठ झाली होती. तलवार म्यानातून निघाली तेव्हा एक लांब, थंड खणखणाट झाला. तो आवाज या घरानं कधी ऐकला नव्हता.

जनावर चालून आलं. त्रिशलाबाईंनी बटणं चेपली, नको ती चेपली. त्यांचा माणूस आडवा झाला, पडदा काळा झाला आणि पुन्हा गुहा, पुन्हा वर उचललेलं पाऊल. पुन्हा तेच. पुन्हा. घामानं रिमोट निसटू लागला. त्यांनी हात पदराला पुसले आणि जनावराकडे नीट बघितलं. अंगावर शेवाळ, वाकडी शिंगं, पण धावून येण्याआधी मान डावीकडे टाकायची तऱ्हा माहेरच्या मारक्या म्हशीसारखी. मान टाकली की त्या बाजूला होऊ लागल्या आणि वार करू लागल्या. एक लागला. दुसरा लागला. आपल्याला हे जमतंय, याची त्यांना भीती वाटली. त्याहून भीती याची, की जमतंय म्हणून आत कुठंतरी बरं वाटत होतं.

जनावर गुडघ्यावर आलं. मग ते उठून पाठ फिरवून भिंतीकडे गेलं आणि शिंगानं दगड उकरू लागलं. त्यालाही दार नव्हतं. पडद्यावरची त्याच्या जिवाची लाल रेघ दोऱ्याएवढी उरली होती. आता एकच वार.

"ति... शला."

त्यांनी वळून बघितलं. धन्यकुमार डाव्या कोपरावर उठून बसायला धडपडत होते. तोंड टीव्हीकडे होतं.

"कवापास्नं जागं हायसा?"

"त... तलवार," ते म्हणाले.

"बघू नका. तोंड तिकडं करा. तुमी काय सांगितलं न्हाईसा, मी काय ऐकलं न्हाई. माझं मी करतोय, माझं मला लागू दे." त्यांचा आवाज चिरकला. "तुमी परत भिंतीला लागलासा तर मी काय करू? वर्षभर त्या भिंतीसंगं बोललोय मी. आता न्हाई हुईत माझ्यानं."

बोलण्यात रिमोट तसाच हातात राहिला. जनावर फिरलं, चालून आलं आणि नुसत्या उभ्या माणसाला त्यानं भिंतीवर आपटलं. पडदा काळा झाला. मग पुन्हा गुहा, पुन्हा धडधाकट जनावर, कुठंही ओरखडा नाही.

धन्यकुमारांनी मोठा श्वास सोडला. "ब... बरं झालं."

"बरं काय? तुमचा माणूस मेला त्याचं?"

"त्यो... मीच," ते म्हणाले आणि त्यांच्या तोंडाची चांगली बाजू हसली.

त्रिशलाबाई रडत होत्या, तरी त्यांना हसू आवरेना. पण हसून काही सुटत नव्हतं. धन्यकुमार पुन्हा उशीवर पडले होते आणि मान कुठल्या बाजूला वळते, इकडे त्रिशलाबाईंचं लक्ष होतं. त्यांनी भरतेशला फोन लावला.

"तिथं नवा माणूस काढता येतोय काय रे? जुनं न पुसता?"

"येईल की. वेगळ्या नावानं आत जायचं. पण आई, आण्णांचं सगळं मागं राहील. घोडा, झोपडी, हिंडलेले डोंगर. एक वर्ष गं."

"ऱ्हाऊ दे. तेबी ऱ्हाईल, जनावरबी ऱ्हाईल."

फोन ठेवून त्या कॉटजवळ गेल्या आणि सगळं सांगितलं. धन्यकुमार ऐकत होते की नाही, कळेना. नजर पडद्यावर होती. त्यांची झोपडी त्या शिळेच्या पलीकडे होती. तिच्या दारात घोडा बांधलेला. वर्षभरात जे काही त्यांचं म्हणून झालं होतं ते सगळं तिथंच होतं. दुकान सुटलं तेव्हा ते असेच एकटक बघत बसले होते आणि मग त्यांनी कूस बदलली होती. त्रिशलाबाई उभ्याच राहिल्या. आता ओढून उठवण्यात अर्थ नव्हता.

धन्यकुमारांनी डोळे मिटले. उघडले.

"वाच," ते म्हणाले.

त्यांनी चष्मा चढवून मुंगीएवढी अक्षरं एकेक करून वाचली. खेळ नाव मागत होता.

"तु... तुझं."

"माझं कशाला? मी तर हत्यार उचललंय. आज सांजचं न्हाई जेवत मी, उद्याबी उपास."

"मेलं... न्हाई ते."

"मारणार हुतो."

नाव त्रिशलाबाईंचंच पडलं.

संध्याकाळी हंबीरराव दारातूनच ओरडले, "काय वैनी, झाला का खात्मा?" आणि मित्राला खुर्चीत बघून चपला काढायचं विसरून आत आले. पडद्यावर फाटक्या कपड्यातला एक नवाच माणूस माळरानावर उभा होता. घोडा नाही, झोपडी नाही, कमरेला काठी.

"आरं, इस्टेट कुठाय तुजी?"

"सोडली," त्रिशलाबाई म्हणाल्या.

"सोडली? आन् ती म्हातारी परत गुहंत धाडणारच की!"

"धाडू दे. औषध दुसऱ्या कुठल्या डोंगरात घावतंय काय बघणार हायेत हे."

"न्हाई घावलं तर?"

तेवढ्यात पडद्यावर उजवीकडचं गवत हललं. रानडुक्कर. सुळे दिसले, मग डोकं. नवा माणूस तसाच उभा. दोन दिवस मिटून राहिलेली धन्यकुमारांची बोटं रिमोटवर आकड्यासारखी वाकडी झाली होती आणि पळायचं बटण नेमकं उजव्या हाताखाली होतं.

"आरं पळ!" आयुष्यभर पलटणीत काढलेले हंबीरराव खुर्चीची पाठ धरून ओरडले. "पळ की गड्या, पळ!"

डुकरानं मुसंडी मारली. अंगठा थरथरला, बटणावरून घसरला, पुन्हा सरकला. त्रिशलाबाईंचे हात आपोआप पुढं गेले. त्यांनी ते मागं घेऊन पदरात गुंडाळले. पहिली धडक बसली. माणूस कोलमडला, उठला. आणि मग अंगठा खाली गेला. उशिरा, पण पुरता खाली गेला.

त्यांचा माणूस लंगडत माळावरून पळत सुटला, तसे हंबीरराव मटकन कॉटवर बसले.

"मागं बघू नको," ते धापा टाकत म्हणाले. "अजून हाय ते मागं."