द्राक्षांनी भरलेलं माप

देवाने आपल्यासाठी काहीतरी केलं असं सांगणाऱ्या माणसांपासून मी आयुष्यभर जरा अंतर राखून राहिलो. त्यांच्या गोष्टींत घाटात गाडी बंद पडते, कुठूनसा एक म्हातारा येतो, मदत करतो आणि वळून पाहावं तर नाहीसा झालेला असतो. ऐकताना मला त्या म्हाताऱ्यापेक्षा गाडीचीच चौकशी करावीशी वाटे. आज तसलंच काही स्वतः लिहायला बसलो आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो की माझ्या गोष्टीत कुणी नाहीसं झालं नाही. नाहीशी होत होती ती आमची ही, आणि ती तर माझ्या डोळ्यांसमोर, रोज थोडी थोडी.

सुरुवातीला चष्मा फ्रीजमध्ये सापडू लागला, तेव्हा आम्ही हसलो. मग आमटीत दोनदा मीठ पडू लागलं. मग एका सकाळी मी गंगापूर रोडवरच्या आमच्या घराच्या गॅलरीत पेपर वाचत बसलो होतो आणि ही आतून आमच्या लेकीला, मंजूला, फोनवर विचारत होती, "अगं, बाहेर ते काका बसलेत सकाळपासून. त्यांना चहा दिला का कुणी?" चहा तिने स्वतःच आणून दिला, दोन बिस्किटांसह, पदर सावरून, परक्या माणसाला देतात तसा. पाहुणचारात कुठे कमी नव्हतं. फक्त मी पाहुणा झालो होतो.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मी त्यावरची मिळतील ती पुस्तकं वाचली आणि पुस्तकं वाचणारे लोक जे करतात तेच करत राहिलो. रोज सकाळी तिला विचारायचो, "मी कोण?" लग्नाचा फोटो दाखवून विचारायचो, "हा कोण?" ती फोटोकडे निरखून बघायची आणि भिडस्तपणे म्हणायची, "छान दिसतोय मुलगा." आमच्या पिढीतल्या बायका नवऱ्याला नावाने हाक मारत नसत. सगळा संसार त्या एका 'अहो'वर चाले. चहा झालाय, पाऊस आलाय, गॅस संपलाय, मंजूला ताप आहे, सगळ्याच्या आधी 'अहो'. तेव्हा मी पुस्तकातून मान वर न करता 'हं' म्हणत असे. आता घरात इतकी शांतता होती की पुस्तक वाचताना मधेच मान वर करून मी दाराकडे बघत राहायचो.

नव्या शतकाची ती सुरुवातीची वर्षं. मंजू आणि जावई बंगळूरहून चार दिवस आले होते. जावयाला नाशिकच्या नव्या वायनरीचं भारी कुतूहल, आणि मंजूला वाटत होतं की आईला तिच्या ओळखीच्या जागा दाखवाव्यात. दोघांनी मिळून एक दिवस आखला. सकाळी पंचवटीतली सीता गुंफा, मग त्र्यंबकेश्वर, आणि येताना धरणाकडची वायनरी. "म्हणजे रामापासून सोमरसापर्यंत," मी म्हणालो. मंजू म्हणाली, "बाबा, आज तरी टोमणे घरी ठेवा."

सीता गुंफा ज्यांनी पाहिली आहे त्यांना माहीत आहे की तिथे ताठ मानेने जाता येत नाही. खाली जाणारी वाट इतकी अरुंद आणि बुटकी की बसून, अंग चोरून सरकत जावं लागतं. मागे माणसं, पुढे माणसं. लहानपणी मला ही जागा आवडे, कारण तिथे मोठमोठे प्रतिष्ठित लोकही बूड घासत जाताना दिसत. त्या दिवशी ही तोंडाशीच थबकली. आतला अंधार बघून तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. मागचे लोक "चला, चला, वाकून चला" असा गलका करू लागले. मी पुढे उतरलो होतो, मी हात वर केला आणि म्हणालो, "ये, मी आहे ना." तिने माझ्या हाताकडे पाहिलं आणि आपला हात पदराखाली घेतला. मग मंजूच्या कानाशी लागून, पण मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली, "हे काका सारखे आपल्याबरोबर का येतायत गं?"

मंजू रडू लागली. मी गुंफेतून सरकत सरकत एकटाच पुढे गेलो, कारण तिथून मागे फिरता येत नाही. आत मूर्तींसमोर काय केलं ते आठवत नाही. बाहेर आलो तेव्हा जावई सगळ्यांच्या चपला घेऊन उभा होता.

त्र्यंबकेश्वर हे हिचं माहेर. वडील यात्रेकरूंचे विधी करणारे, आणि त्यांच्याकडे मी जावई म्हणून गेलो तेव्हापासून त्यांच्या धंद्यावर विनोद करत आलो. ते बिचारे हसायचे आणि मला जास्तीचा लाडू वाढायचे. आता त्या घरातलं कुणी उरलेलं नाही. गाडीतून उतरताच गुरुजींनी वेढा घातला, गाव कुठलं, गोत्र कोणतं, शांत करायची की अभिषेक. ही मात्र त्या गर्दीतून सरळ चालत निघाली, न विचारता, न चुकता, डावीकडे वळून कुशावर्तावर. पायांना माहीत होतं. पायऱ्यांवर बसून तिने पाण्यात पाय सोडले आणि वर ब्रह्मगिरीकडे बघत राहिली.

त्या डोंगरावर गंगाद्वारी आमची गंगा थेंब थेंब प्रकटते. बाहेरचे लोक तिला गोदावरी म्हणतात, आम्ही गंगाच म्हणतो. तिथून ती डोंगराच्या पोटात नाहीशी होते आणि खाली या कुंडात पुन्हा वर येते. ती सारखी गुप्त व्हायची म्हणून गौतम ऋषींनी कुश गवताने तिला इथे अडवली, अशी कथा आहे. सासऱ्यांनी मला ती अनेकदा सांगितली होती आणि मी प्रत्येक वेळी खडक, भेगा आणि झरे यांचं स्पष्टीकरण दिलं होतं. त्या दिवशी स्पष्टीकरण आठवलं नाही. डोळ्यांसमोर एक म्हातारा माणूस आला, हातात गवताची काडी घेऊन नदीला थांब म्हणणारा. मला वाटलं, या माणसाला मी ओळखतो. तो रोज सकाळी लग्नाचा फोटो हातात घेऊन उभा असतो.

मग मी ते केलं जे कधी केलं नव्हतं. हिच्यापासून थोडं अंतर ठेवून, तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, मी पाण्यापाशी बसलो आणि मागितलं. बरी कर असं मागण्याइतका मी भोळा नव्हतो. एवढंच म्हणालो की एकदा, एकदाच, तिने मला 'अहो' म्हणावं. मागून झाल्यावर मला लाज वाटली आणि मी उगाचच रुमालाने चष्मा पुसला.

वायनरीत पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. द्राक्षाचे मांडव, पलीकडे धरणाचं पाणी, आणि काळं जाकीट घातलेला एक तरुण, जो प्रत्येक वाक्य मराठीत सुरू करून इंग्रजीत संपवत होता. त्याने पेले हलवायला लावले, नाक आत घालायला लावलं, आणि म्हणाला की यात ओल्या मातीचा, चामड्याचा आणि किंचित तंबाखूचा गंध येईल. मी जावयाला म्हटलं, "हे सगळं आमच्या एसटी स्टँडवर फुकट मिळतं." त्यानंतर तो मान खाली घालून गंभीरपणे एकेक घोट घ्यायला सांगू लागला तेव्हा मला सासऱ्यांची फार आठवण झाली. न समजणारे शब्द, आणि प्रत्येक शब्दानंतर आचमन. हिने सरबत घेतलं आणि शहाण्यासारखी बसून राहिली.

"आता तळघर बघू," तो म्हणाला, "जिथे आपली वाइन पिंपांत मुरते." थोड्या पायऱ्या उतरून जाड लाकडी दार होतं, बुटकं, आणि आत गार अंधार. सकाळची गुंफा आठवून मंजूने आईचा हात घट्ट धरला. मी म्हणालो, "राहू दे, आम्ही दोघं वर थांबतो." पण ही दारापर्यंत आपण होऊन उतरली.

हंगामातली पहिली खुडणी नुकतीच झाली होती. तिथल्या कामगारांनी त्यांच्या पद्धतीने पूजा केली होती. दाराला झेंडूचं तोरण, आणि उंबरठ्यावर हळदकुंकू वाहिलेलं एक पितळी मापटं, काठोकाठ द्राक्षांनी भरलेलं. येणारे-जाणारे ते चुकवून आत जात होते. ही त्याच्यासमोर उभी राहिली. बराच वेळ बघत राहिली. मग तिने मंजूचा हात सोडवला, निऱ्या दोन बोटांनी किंचित वर उचलल्या, आणि उजव्या पायाच्या अंगठ्याने ते माप हलकेच आतल्या बाजूला लवंडलं.

द्राक्षं अंधारात घरंगळत गेली. "मॅडम! मॅडम, ती पूजा आहे!" जाकीटवाला तरुण ओरडला. जावई खाली वाकून द्राक्षं गोळा करायला लागला. मंजू "सॉरी, सॉरी, तिला कळत नाही हो" म्हणत होती. मला एकदम आमच्या घराचा दरवाजा दिसला होता, तांदळाने भरलेलं माप, हळदीने पिवळी झालेली पावलं, आणि दोन्ही हात चौकटीला लावून वाट अडवून उभी असलेली माझी बहीण. अक्का जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

बाजूला एक बाई द्राक्षांचे रिकामे क्रेट धूत होती. पेठ तालुक्याकडची असावी. काष्टा मारलेलं लुगडं, हात कोपरापर्यंत ओले. तिने हे सगळं पाहिलं, पाईप खाली टाकला, आणि खळखळून हसत येऊन दारात आडवी उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून.

"अगं बया, नवरी आली का!" ती म्हणाली. "मग नाव घ्या, आजीबाय. नाव घेतल्याबिगर वाट नाय सोडायची."

"अहो मावशी, आईला बरं नाहीये," मंजू काकुळतीला येऊन म्हणाली.

"नवरीला काय धाड भरली? लाजतीया ती. घ्या ओ नाव, लय भाव खाऊ नका!"

हिने मान खाली घातली. गालांवर खरोखर रंग आला. आणि मग तिच्या आवाजात, कितीतरी दिवसांत न ऐकलेल्या, न अडखळणाऱ्या आवाजात, ती म्हणाली,

"गंगाद्वारी थेंब थेंब, कुशावर्ती धरी ठाव,
वन्सं, सोडा उंबरठा..."

आणि पुढे माझं नाव, शेवटी 'राव' लावून. ते इथे छापायची गरज नाही. जिथे घेतलं जायला हवं होतं तिथे घेतलं गेलं.

"हां! आता कसं!" म्हणून त्या बाईने हात काढले. ही आत गेली, एक पाऊल टाकून थांबली, वळली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, या ना. डोकं सांभाळा, दार बुटकं आहे."

मी उंच आहे. जन्मभर प्रत्येक बुटक्या दारात तिने मला हे सांगितलं आहे आणि जन्मभर मी 'माहितीये' म्हणालो आहे. त्या दिवशी मी 'हो' म्हणालो, आणि तरी डोकं आपटलं, कारण डोळ्यांना काही दिसत नव्हतं. आत पिंपांच्या रांगांमधून ती माझ्या कोपराला धरून चालली. गार हवेत आंबट-गोड वास होता, आणि तो तरुण पुढे कसल्याशा लाकडाविषयी सांगत होता. त्या तळघराला मी मनात अजूनही गाभाराच म्हणतो.

हे कसं झालं ते डॉक्टरांनी मला नंतर नीट समजावलं. लहानपणापासून घोकलेली गाणी, ओव्या, उखाणे मेंदूत खोल कुठेतरी टिकून राहतात, बाकी सगळं गेलं तरी. मला ते पटतं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही आणि तुमच्याशीही घालत नाही. एवढंच सांगतो की तो उखाणा तिने स्वतः रचला होता आणि मी तो साफ विसरलो होतो. रोज सकाळी परीक्षा तिची चालली होती, आणि त्या दारात मला कुणी विचारलं असतं तर मी नापास झालो असतो.

अशा गोष्टींतली मदत करणारी माणसं शोधूनही सापडत नाहीत म्हणतात. आमची सापडली. बाहेर येऊन पाहिलं तर पुन्हा क्रेट धूत होती. मी तिच्यासमोर हात जोडले, थोडा वाकलोही असेन. ती दचकून मागे सरली. "ओ बाबा, येडं का काय! पाया कसलं पडताय? पाप लावता का मला?" मग ओंजळभर द्राक्षं धुऊन तिने हिच्या पदरात घातली. "खावा आजीबाय. दारूचीच हायेत, पन अजून चढायची नाय."

परतीच्या वाटेवर धरणावर सूर्य टेकला होता. मंजू पुढे जावयाशेजारी बसून हळूच डोळे पुसत होती. ही माझ्या शेजारी, मांडीवर द्राक्षं. थोड्या वेळाने तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की ती पुन्हा डोंगराच्या पोटात शिरली आहे. ओठांवर आलं होतं, 'मी कोण?' पण मी ते विचारलं नाही. त्या दिवसानंतर कधीच विचारलं नाही. लग्नाचा फोटो भिंतीवर परत लावला. ती असते, दिसत नसली तरी कुठेतरी वाहत असते. वर यायचं तेव्हा येईल, नाही आली तर माझं काम काठावर बसायचं. कुशाची काडी मी खाली ठेवली. लोक ज्याला शरण जाणं म्हणतात ते एवढंच असेल, तर ते मला फार उशिरा आणि फार सोपं करून देण्यात आलं, आणि देणाऱ्याचे उपकार मानायला मला आता लाज वाटत नाही.

तिने द्राक्षांचा एक लहानसा घोस तोडून माझ्यापुढे धरला.

"घ्या ना काका. तुम्ही पण नाशिकचेच का?"

"हो," मी म्हणालो. "तुमच्या जवळच राहतो."