बाबांचे दोन ठोके

भूत-बित, अंगात येणं... आपला कशावरच विश्वास नव्हता. आजही नाहीये. पण या एका गोष्टीपुरतं काय बोलावं ते कळत नाही, म्हणून लिहितेय.

बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मग साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लागले, तेही बंद. शेवटी कणकवलीहून आलेल्या माणसाला जे येत होतं तेच त्यांनी केलं — मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी भाड्याने जागा घेतली आणि म्हशी पाळल्या. शाळेत मुली मला 'तबेलेवाली' म्हणायच्या. म्हणू देत! त्याच दुधावर मी बी.कॉम. झाले, अख्ख्या खानदानात पहिली.

तबेल्यामागे थोडं कुरण होतं. भाकड आणि गाभण म्हशी तिथे सोडायच्या. पलीकडे जंगल, म्हणजे बिबट्या. त्यामुळे बाबांचा जीव कुंपणात. आसपासच्या चाळी पाडल्या की तिथले वासे आणून ते खांब करायचे. कुठल्यावर निळा रंग, कुठल्यावर कॅलेंडरचा खिळा तसाच.

दिवाळीनंतर गवत वाळलं की बाबा कोयत्याच्या पाठीने एकेक खांब ठोकत जायचे. भरीव असेल तर एक ठोका. पोकळ वाटला तर लगेच दुसरा, खात्री करायला... मग तो बदलायचा. फेरी संपली की म्हशींना पेंड मिळायची, त्यामुळे तो आवाज आला की त्या आपणहून बाबांच्या मागे. मी तारेचं वेटोळं घेऊन त्यांच्याही मागे.

"बघून कळतंय की, बाबा!"

"बघान माणूस कळणा नाय, वासो काय कळतलो?"

बाबा गेले त्या वर्षी कुंपण माझ्यावर आलं. रविवार होता, दुपार कललेली. मी ठोकाठोकी केलीच नाही. नजरेनेच खांब पास केले आणि सैल तारा पक्कडीने आवळत वर गेले. वरच्या कोपऱ्यात पाहते तर तार लोळलेली... आणि चंद्री गायब!

चंद्री म्हणजे बाबांनी हाताने वाढवलेली म्हैस. दिवस भरलेली. आणि नुकतंच त्याच बाजूला बिबट्याने एक वासरू ओढून नेलेलं.

हाका मारून घसा बसला. काहीच नाही. मी कुंपणाबाहेर पाऊल टाकणार तेवढ्यात —

टक्.

खालच्या टोकाला. टक्... टक्... एकामागून एक खांब, वर माझ्याकडे येत. बाबांच्याच चालीने, मध्ये दम खायला थांबत. दिसत मात्र कोणी नव्हतं. आवाज माझ्या अलीकडच्या निळ्या खांबाशी आला आणि — टक्-टक्. मग शांत.

करवंदीची जाळी हलली. चंद्री बाहेर आली, पडलेल्या तारेवरून सरळ आत, आणि निळ्या खांबाशी जाऊन उभी राहिली. पेंडेची वाट बघत.

तिला घेऊन खाली आले, तर आईने पेंडेची पाटी आधीच काढून ठेवलेली.

"आज बरा ठोकलंस गो! अगदी बापाशीसारखा."

"आई, मी नाही ठोकलं."

"मग काय म्हशीन ठोकल्यान?"

मी तुळईकडे बोट दाखवलं. बाबांचा कोयता तिथेच अडकवलेला, कोळिष्टकांसकट. ते गेल्यापासून कोणी काढलाच नव्हता. आईने तिकडे पाहिलं. मग पाटीत एक मूठ पेंड जास्त घातली.

सुतारपक्षी म्हणा. समोरच्या टॉवरचं काम म्हणा — पण रविवारी ते बंद असतं. मैत्रीण म्हणाली, "अगं, तुझ्या डोक्यात होता तो आवाज." ओके... मग आईने आणि म्हशीने तो कोणाच्या डोक्यातून ऐकला?

दुसऱ्या दिवशी कोयता उतरवून निळा खांब ठोकला. वरून ठणठणीत, मीच पास केलेला. आवाज पोकळ. उपटला तर आतून वाळवीचा भुगा.

खांब बदलला. चंद्रीला पारडी झाली. उत्तर आजही नाही, आणि खरं सांगू? आता मी ते शोधतही नाही. दर दिवाळीनंतर कोयता घेते आणि एकेक खांब ठोकत जाते. म्हशी मागे येतात.

तेव्हापासून आमचं एकही जनावर कुंपणाबाहेर गेलेलं नाही.