दोऱ्याला टांगलेला चेंडू

आखातातल्या मत्रह बंदरातल्या स्टुडिओतले ते वसईचे म्हातारे फोटोग्राफर मला एकदाच भेटले. खांद्याच्या ऑपरेशननंतर माझं क्रिकेट संपलं होतं आणि टीमला आठवण म्हणून माझा फोटो छापलेलं कार्ड हवं होतं. त्यांनी भिंतीवरचं जुनं अमेरिकन बेसबॉल कार्ड दाखवलं.

“तेव्हाचे कॅमेरे मंद. म्हणून चेंडू दोऱ्याला टांगायचे आणि खेळाडू निवांत झेल घ्यायचा.”

माझ्यासाठीही त्यांनी छताला चेंडू बांधला. मागच्या पडद्याची सुरकुती काढली, माझी हनुवटी बोटाने हलकेच वर केली.

“यल्ला, चल, चेंडूकडे बघ!”

दुखरा हात उचलला, आणि क्षणभर मैदानात असल्यासारखं वाटलं.

फोटो झाल्यावर त्यांनी लाजतच कॅमेरा माझ्या हाती दिला. “आता माझा एक काढ. मला कधी कुणी टीममध्ये घेतलंच नाही.”

आणि ते ओंजळ पसरून चेंडूखाली उभे राहिले.